बिननाकाची चटणी

“बघ गं सरूपा, झालेत का धने?”

आत्याबाईंनी कढईतले चिमूटभर धने तळहातावर घेतले आणि माझ्या नाकाखाली धरले. मी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. ऊब आली, धूर आला, धन्यांचा मात्र पत्ता नव्हता. ओळखीच्या घराची कडी वाजवावी आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं झालं.

“अजून थोडे हवेत,” मी म्हणाले.

“मलाबी तसंच वाटलं,” आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा उलथनं फिरवायला लागल्या.

मी हळूच सुटकेचा श्वास सोडला. त्यांनीही सोडला. मला वाटलं, चुलीच्या धगीनं सोडला असेल.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूया चौगुले. गडहिंग्लजच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे अनुसाक्का म्हणत, आणि अनुसाक्काच्या नाकाला गल्लीत देवळातल्या कौलाइतका मान होता. मी सावंतवाडीची. आमच्याकडे चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याची, सकाळी वाटली की दुपारी संपणारी. इथं चटणी म्हणजे संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धने आणि खडा मसाला भाजून कुटलेली लाल पूड, बरणीत वर्षभर नांदणारी. उन्हाळा आला की गल्लीतल्या बाया भाजलेला एकेक जिन्नस पदराखाली झाकून आत्याबाईंकडे आणायच्या. आत्याबाई हुंगायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, “उतरव” नाहीतर “कच्चं”. त्यावर अपील नव्हतं.

त्या साली करोनाची दुसरी लाट होती. आमच्या घरी तो आला तो अगदी भिडस्त पाहुण्यासारखा. दोन-चार दिवस ताप, जरा घसा, जरा अंग दुखणं. पाणीसुद्धा न मागता गेला म्हणायचा. फक्त जाताना माझ्या नाकातला आणि जिभेवरचा सगळा ऐवज घेऊन गेला. तिखट तेवढं झोंबायचं. जिभेला आग लागायची, पण त्या आगीला नाव नसायचं. मोगरा नाकाशी धरला काय आणि केरसुणी धरली काय, सारखंच.

घराचं विलगीकरण संपल्यावर आरोग्य केंद्राच्या आशाताई फाटकातून चौकशीला आल्या होत्या. “वास येतोय का आता?” त्यांनी विचारलं.

“न यायला काय झालं?” आत्याबाई ताडकन म्हणाल्या. “कांद्याचा येतो, लसणीचा येतो, तुझ्या त्या हाताला लावायच्या औषधाचाबी येतो.”

मग आशाताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि आत्याबाईंनीही. नेमकी त्याच सकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, “यंदाची चटणी तुझ्या हातची. मी नुसती बाजूला बसणार.” लग्नाला दुसरं वर्ष होतं, नवरा टाळेबंदीत नोकरीच्या गावी अडकलेला. पहिलं वर्षभर मी त्या घरात नुसती लसूण सोलत होते. आता कढई मिळत होती. बिननाकाच्या सुनेच्या हातात वर्षाची चटणी कोण देईल?

“मलाही येतो,” मी म्हणाले.

झालं. आता ती चटणी मला वास असल्यासारखी करून दाखवायची होती. माझा सगळा भरवसा आत्याबाईंच्या नाकावर होता.

पण आत्याबाई काही केल्या आपलं नाक पुढं करेनात. प्रत्येक वेळी जिन्नस माझ्या नाकाखाली यायचा. “तूच सांग.” “तुला काय वाटतं?” मला वाटायचं, परीक्षा चाललीय. मग मी कोकणी शहाणपणा करायची. “तुमच्यासमोर मी काय सांगणार आत्याबाई, तुम्हीच बघा.” त्या पुन्हा म्हणायच्या, “माझं बघून बघून म्हातारं झालं. तूच बघ.” दोघी एकमेकींना दारात “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत उभ्या, आणि कढईतला जिन्नस मध्ये तापतोय.

परसातल्या बुटक्या भिंतीपलीकडून शिंत्रे वहिनी हे सगळं बघत होत्या. आजारपणानंतर गल्लीतलं कुणी अजून आमच्याकडे फिरकलं नव्हतं. वहिनी भिंतीपर्यंत आल्या होत्या हेच खूप. बाजारातला मसाला कुटायचा डंक टाळेबंदीत बंद होता, म्हणून आत्याबाईंनी जुनं दगडी उखळ धुऊन काढलं होतं, आणि त्याचं वहिनींना फार अप्रूप वाटत होतं.

“अनुसाक्का,” वहिनी म्हणाल्या, “तुमचं नीट जमलं तर माझे धने घेऊन येते हुंगायला. न्हायतर म्हणत हुते, यंदा दुकानातलं पाकीटच आणावं.”

“पाकीट?” आत्याबाईंनी उलथनं कढईवर आपटलं. “आण, आण. आणि त्यावर तुझ्या नवऱ्याचा फोटोबी छापून घे. त्याला तेवढंच बघायला मिळंल, खायला काय मिळायचं न्हाई.”

वहिनी हसल्या. मग हसता हसता थांबल्या. त्यांनी मास्क जरा खाली ओढला आणि नाक वर केलं.

“कायतरी लागल्यासारखा वास येतोय व्हय?”

मी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या काही बोलेनात, म्हणजे लागलं नसणार, असा मी हिशेब केला.

“खमंग होतंय, वहिनी,” मी म्हणाले.

“व्हय तर,” आत्याबाई लगेच म्हणाल्या. “खमंग कशाला म्हणतात ते ठावं न्हाई हिला. जा, तू तुझं धनं घेऊन ये.”

वहिनी गेल्या, पण मान हलवत गेल्या.

तेवढ्यात मागच्या दारात मामा येऊन उभे राहिले. मामा म्हणजे माझे सासरे, आनंदा चौगुले. एसटीत ड्रायव्हर होते, सावंतवाडीच्या गाडीवर. स्टॅंडाबाहेर माझ्या वडिलांचा चहाचा गाडा होता. मामा तिथं चहा प्यायचे आणि माझ्या हातचा चहा पिऊन त्यांनीच मला मागणी घातली होती. आंबोलीच्या घाटात त्यांच्या हॉर्नची ख्याती होती, घरात मात्र त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. विशेषतः जेवताना. मीठ, तिखट, कच्चं, करपलं याविषयी त्या माणसानं ब्र काढलेला मी ऐकला नव्हता. गल्लीत सांगत की लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते चटणीला काहीतरी बोलले होते. काय बोलले ते कुणाला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी तेव्हा बजावलं होतं, “आजपासनं तुमच्या जिभंनं एकच काम करायचं. खायाचं न्हायतर बोलायचं.” मामांनी खायचं काम घेतलं आणि चाळीसेक वर्षं ते इमानेइतबारे केलं.

आता त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं, पंच्यानं धरलेलं. आतून बाहेरून काळंठिक्कर, धूर निघणारं.

“दूध,” मामा म्हणाले.

“अगं बाई,” आत्याबाई उठल्या. “सरूपा, गॅसवर ठेवलेलं विसरलीस? आणि करपलेलं कळलं न्हाई तुला?”

“तुम्हालाही...” मी म्हणाले आणि जीभ चावली.

आत्याबाईंचा चेहरा धन्यांसारखा रंग बदलत गेला. माझाही बदलत असणार.

मामांनी पातेलं दगडावर ठेवलं, पंचा झटकला, घसा खाकरला.

“आता मी बोलू काय?”

कुणी नको म्हणालं नाही.

“त्या आजारापासनं,” मामा म्हणाले, “मी समुद्र पितोय. आमटीत मीठ सूनबाई घालतीय. मग ही चाखल्यासारखं करतीय आणि वर आणखी घालतीय. बुधवारच्या चहात मीठ हुतं. शिऱ्यात हिंग हुता. परवा भाकरी उलटायची ऱ्हायली, खाली कोळसा आणि वर पीठ. मी म्हटलं, बोलावं का? पण शब्द दिलेला. शेवटी शिंत्र्याच्या दुकानात जाऊन शेंगदाणे-गूळ खाऊन दिवस काढले. तो मला इचारतोय, काय चौगुले, घरात भांडण हाय? मी म्हटलं, भांडण असतं तर बरं हुतं.”

आमच्या घरात रीत होती की मी मीठ घालायचं आणि आत्याबाईंनी चाखून चिमूटभर वाढवायचं. न वाढवलं तर सासूपण उणं पडतं. चव गेली, पण चिमूट थांबली नव्हती. मीही ते न बोलता भुरकत होते, कारण आत्याबाई भुरकत होत्या.

“म्हणजे तुम्हाला,” मी आत्याबाईंना म्हणाले, “धने...”

“धने कसले, मेलं घासलेटसुद्धा कळंना.” त्या मटकन पाटावर बसल्या. “मी म्हटलं, पोरीचं नाक तरणं हाय, परत आलंय. तिच्यावर निभावून न्यावं. म्हणून तर तुला कढई दिली.”

कढई मिळाल्याचा माझा सगळा अभिमान त्या एका वाक्यात उखळात गेला. आणि मग मला हसू फुटलं. आधी मला, मग त्यांना. आत्याबाई हसायच्या तेव्हा सगळ्या अंगानं हसायच्या, पाट हलायचा. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं पाणी कधी संपलं ते कळलं नाही.

“सगळी गल्ली माझ्या नाकावर चालती,” त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “शिंतरीण आता धनं घेऊन यील. तिला कळलं तर सांजच्याला वेशीपर्यंत कळंल. अनुसाक्काचं नाक गेलं म्हणून. आणि मग मी कोण ऱ्हायले, सांग.”

मी त्यांच्याजवळ बसले. नाकावर जन्म काढलेल्या बाईला काय सांगणार?

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तुम्ही उखळावर गाणी म्हणायचात ना? मागं एकदा दळताना म्हणत होतात. मिरचीचं.”

“डंक आल्यापासनं कोण म्हणतंय.”

“म्हणा की.”

त्यांनी नाक ओढलं, जरा सूर धरला. बसलेल्या घशातून ओवी आली, जुन्या लुगड्यासारखी मऊ.

“मिरचीबाई तापू नको, लाल तुझा गं पदर,
देठ मोडून ठेविते, तुझ्या रागाची कदर.

धने बाई बोलके, कढईत गं नाचती,
बोलाचाली थांबली की खाली उतरा म्हणती.

तीळ चालले उडून, जशा माहेराला लेकी,
झाकण घाला सासूबाई, मागे राहीना गं एकी.

खोबऱ्याची गं वाटी, कशी सोन्यावाणी झाली,
काळी नजर लागायाआधी पाटीमंदी उतरली.”

“थांबा,” मी म्हणाले. “यात वास कुठंय?”

“वास?” आत्याबाई विचारात पडल्या.

“धने बोलायचे थांबले की उतरवायचे. तीळ उडाले की झाकण. खोबरं सोन्यासारखं दिसलं की बास. यात कान आहेत, डोळे आहेत. नाक कुठंच नाही.”

आत्याबाईंनी मनातल्या मनात सगळी ओवी पुन्हा म्हणून बघितली. ओठ हलत होते.

“माझी आजी गं ही म्हणायची,” त्या हळूच म्हणाल्या. “तपकीर ओढायची. तिला तरी कुठला वास येत असंल.”

मग आधीचे धने काढून टाकले आणि आम्ही गाण्यावर चटणी केली. दोघींनी कढईत मान घातली आणि धन्यांचं बोलणं ऐकलं. तडतड, तडतड, मग विरळ, मग एखादाच चुकार. “उतरव,” दोघी एकदम म्हणालो. तीळ लेकींसारखे पळाले, त्यांना झाकणाखाली घेतलं. खोबरं सोन्यावर आलं. मिरच्या तव्यावर टाकल्या तशी मात्र ठसक्यानं आमची दोघींची भंबेरी उडाली. वास गेला तरी ठसका जात नाही, हे त्या दिवशी कळलं. पलीकडच्या घरातून कुणी तरी धाडकन खिडकी लावली. त्या साली खोकणं म्हणजे चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता.

मामा दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. एकदा बोलायला मिळाल्यावर त्यांना उठवेना. आम्ही उतरवलेल्या प्रत्येक पाटीजवळ ते नाक नेत आणि मान डोलवत. घाटाच्या वळणावर गाडी नीट निघाली की डोलवत असतील, तशी.

सगळं भाजून झालं. आत्याबाईंनी मुसळ हातात घेतलं.

“एक ऱ्हायलं,” मामा म्हणाले.

“काय ऱ्हायलं? मिरची झाली, खोबरं झालं, कांदा-लसूण सगळं झालं.”

“मेथ्या.”

आत्याबाईंचा मुसळावरचा हात थांबला.

“चटणीत मेथ्या घालत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरात तर न्हाईच घालत.”

“तू घातलेल्यास. पहिल्या वर्षी.”

“आणि तुम्ही काय म्हणाला हुतात?” त्या माझ्याकडे वळल्या. “इचार तुझ्या मामाला, काय म्हणाले हुते ते. सगळी पंगत बसलेली, सासरा, दीर, पाव्हणे. आणि हे म्हणतात, ही चटणी हाय का काढा? सगळे हसले. मी माहेरच्या आठवणीनं घातलेल्या. त्या दिसापासनं मेथ्या बंद आणि ह्यांचं बोलणं बंद.”

मामांनी चुलीतला निखारा चिमट्यानं आत सारला. मग, गाडीत प्रवासी नसताना ड्रायव्हर स्वतःशी गुणगुणतो ना, तशा आवाजात, सुराच्या शेजारून, ते म्हणाले:

“मेथी माझ्या माहेराची, कडू तिचा बोल खरा,
चिमूटभर घालिते, गोड मानून घ्या घरा.”

मुसळ आत्याबाईंच्या हातातून हळूच उखळाला टेकलं. ही ओवी मी कधी ऐकली नव्हती. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही पुष्कळ वर्षांत ऐकली नसावी.

“हे तुमाला कुठलं ठावं?” त्यांनी विचारलं.

“तू म्हणायचीस की कुटताना. मी गाडीवर म्हणायचो.”

“आंबोलीच्या घाटात?”

“घाटातच. तिथं रस्ता लांब.”

आत्याबाई उठल्या. आत गेल्या, डबे वाजले, आणि मुठीत मेथ्या घेऊन आल्या. कढईत टाकल्या. आता कान आणि डोळे पुरणार नव्हते. मेथीला गाण्यात भाजायची खूण नव्हती, ती कच्ची राहिली तर कडू, जास्त झाली तर विष. आत्याबाईंनी उलथनं माझ्याकडे दिलं आणि मामांकडे बघितलं.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “आता बोलायचं काम करा.”

मामांनी कढईवर वाकून श्वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा. डोळे मिटलेले होते.

“अजून,” ते म्हणाले. “अजून जरा. आता. उतरव.”

उखळात मुसळ पडायला लागलं तोच शिंत्रे वहिनी ताट घेऊन भिंतीशी आल्या. “बघा अनुसाक्का, माझे धने.”

आत्याबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरला, पाटावरून राणीसारख्या उठल्या, भिंतीशी गेल्या आणि ताटावर नाक धरलं. वहिनींचं तोंड आमच्याच घराकडे होतं, पण नजर आत्याबाईंच्या नाकावर खिळलेली होती. भिंतीच्या टोकाला, गाईच्या रिकाम्या गोठ्याशी मामा येऊन उभे राहिले. वाऱ्याच्या दिशेनं मान केली. मग त्यांनी उजवा हात आडवा काढला आणि पंजा हळूहळू वर-खाली केला, मागच्या गाडीला “सावकाश” सांगतात तसा.

“कच्चे,” आत्याबाई म्हणाल्या.

“मलाबी वाटलं हुतं बाई,” वहिनी म्हणाल्या आणि पळतच भाजायला गेल्या. पुन्हा आल्या. मामांचा हात उभा वर गेला, पंजा उघडा. थांबा.

“उतरव,” आत्याबाई म्हणाल्या.

वहिनींनी सगळ्या गल्लीला सांगितलं की करोनानं अनुसाक्काचं नाक आणखी तेज झालंय. दुसऱ्या दिवसापासून भिंतीशी ताटं यायला लागली. मामा दिवसभर गोठ्याशी उभे. एवढी वाहतूक त्यांनी नोकरीतही बघितली नसेल.

माझा वास परत आला तो पावसाळ्याच्या तोंडाशी, आधी साबणाचा, मग केळ्याचा, चुकतमाकत, गावात नवीन पोस्टमन आल्यासारखा. आत्याबाईंचा बराच उशिरा आला. येतोय का ते त्या सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते. एका दुपारी त्या फळीवरची बरणी उतरवून बसल्या होत्या. फडकं सोडलं, झाकण काढलं आणि नेहमीप्रमाणे, सवयीनं, वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

मी दारातून बघत होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते.

“ठसका लागला का आत्याबाई?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ठसकाच.” जरा थांबून म्हणाल्या, “माझ्या आईच्या घरातला वास येतोय गं ह्याला.”

त्या रात्री जेवणात त्यांनी भाकरीवर चटणी घातली, वर तेलाची धार सोडली, आणि मामांच्या पानात वाढली. मामा खाली मान घालून जेवायला लागले. आत्याबाई समोर बसून राहिल्या. मीठ नेहमीसारखं मीच घातलं होतं. आज त्यांनी चाखून वाढवलं नव्हतं.

“कशी झालीय?” त्यांनी विचारलं.

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग घास तोंडात टाकला, सावकाश चावला, बोटं चाटली.

“काढा झालाय,” मामा म्हणाले, आणि ताट पुढं केलं.